हात बधिर करायचा, पण कुठून?

खान्देशातल्या हाडांच्या दवाखान्यांत हाताच्या इजांना हंगाम असतो. कापूस घरात आला की जिनिंगमध्ये सापडलेली बोटं येतात, गहू-हरभऱ्याच्या काढणीला मळणी यंत्रात गेलेले हात येतात. कडबाकुट्टी, डाळ मिलचा पट्टा आणि जळगाव एमआयडीसीतली चटईची यंत्रं यांना हंगाम नसतो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे दुचाकीवरून पडून मोडलेली मनगटं आणि दंडाची हाडं बारा महिने येत राहतात. यातले काही रुग्ण धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा एसीपीएमला जातात, काही जळगावच्या २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा डॉ. उल्हास पाटील महाविद्यालयाच्या रुग्णालयात. पण फार मोठा भाग शहरातल्या नि तालुक्याच्या गावातल्या पंधरा-वीस खाटांच्या दवाखान्यांत जातो. तिथे सर्जन मालक असतो आणि भूलतज्ज्ञ बोलावण्यावर येतो.

या सगळ्या ठिकाणी शस्त्रक्रियेआधी एकच प्रश्न येतो: पूर्ण भूल द्यायची की फक्त हात बधिर करायचा, म्हणजे ब्लॉक द्यायचा? आणि हात बधिर करायचा तर सुई कुठे घालायची, मानेत, कॉलर बोनच्या वर, तिच्या खाली की काखेत? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सोनोग्राफीमुळे या प्रश्नावर जगभर भरपूर अभ्यास झाले आहेत. ते आता इतके आहेत की कुठल्याही जागेच्या बाजूने दोन-चार निबंध दाखवता येतात. ते अभ्यास खान्देशातल्या रुग्णांवर, इथल्या दवाखान्यांवर ठेवून वाचले तर काय दिसतं, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगतो. कोपराखालच्या शस्त्रक्रियांसाठी आपल्याकडे सवयीने कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक दिला जातो, त्याऐवजी खालचा किंवा काखेतला ब्लॉक पहिल्या पसंतीचा व्हायला हवा.

हात बधिर करण्याच्या बाजूने मुळात काय आहे? अपघाताचा रुग्ण उपाशीपोटी येत नाही. सकाळी कळण्याची भाकरी खाऊन शेतात गेलेला माणूस दुपारी हात गुंडाळून दवाखान्यात येतो, आणि दुखापत नि वेदना यांमुळे पोट रिकामं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. पूर्ण भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका तेव्हा खरा असतो. त्यात विडी, चुलीचा धूर आणि कापसाची धूळ यांनी पोखरलेली फुप्फुसं. ब्लॉक दिला तर श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही, माणूस बोलत राहतो, आणि शस्त्रक्रिया संपल्यावरही काही तास दुखत नाही. पडद्याआडून रुग्ण अहिराणीत विचारतो, ‘डॉक्टर, मना हात कथा शे?’ (माझा हात कुठे आहे?) तेव्हा काम झालं असं समजायला हरकत नसते.

हाताच्या सगळ्या नसा मानेतून निघतात. मानेच्या शेवटच्या चार मुळांचा आणि छातीच्या पहिल्या मुळाचा मिळून हे जाळं बनतं. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. भुसावळ जंक्शनला जसे वेगवेगळ्या दिशांचे रूळ जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा फुटून आपापल्या गावाला जातात, तशी त्याची रचना आहे. मानेत पाच मुळं, त्यांची तीन खोडं, कॉलर बोनच्या मागे त्यांचे फाटे, खाली रोहिणीभोवती तीन दोर आणि काखेत चार मोठ्या नसा. सुई कुठे घालता यावर कोणते रूळ बंद होणार हे ठरतं. मानेत औषध दिलं तर खांदा चांगला बधिर होतो, पण करंगळीकडची नस बहुधा सुटते. काखेत दिलं तर हाताचा पंजा पूर्ण बधिर होतो, खांद्याला काहीच होत नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत हॉलस्टेडने १८८५च्या सुमारास नसा उघड्या करून त्यांवर कोकेन घातलं. कातडीतून सुई घालून हे काम करण्याचे दोन मार्ग १९११ साली जर्मनीत एकाच वर्षी पुढे आले: हिर्शेलचा काखेतला आणि कुलेनकाम्फचा कॉलर बोनच्या वरचा. कुलेनकाम्फने तो आधी स्वतःवर करून पाहिला होता. विनीने १९७० साली मानेतला मार्ग रूढ केला, राज यांनी १९७३ साली कॉलर बोनच्या खालचा. या सगळ्यांत सुई अंदाजाने जात होती. बोटाखाली रोहिणीचा ठोका, सुईच्या टोकाला नस लागली की रुग्णाच्या बोटात झिणझिणी, आणि भूलतज्ज्ञाचं ते नेहमीचं वाक्य, ‘करंट आला की सांगा’. पुढे नर्व्ह स्टिम्युलेटर आला. त्याने बोटं उडतात का हे पाहता यायला लागलं, पण मोडलेलं हाड उडवणं म्हणजे रुग्णाला पुन्हा दुखवणं. व्हिएन्नाच्या काप्राल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत हा ब्लॉक दिला आणि टोरांटोच्या व्हिन्सेंट चॅन यांच्या गटाने २००३ नंतर ती पद्धत जगभर नेली.

कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक आपल्याकडे सर्वांत जास्त का दिला जातो, हे समजण्यासारखं आहे. तिथे सगळं जाळं एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, रोहिणीच्या शेजारी, कातडीपासून फार खोल नसताना सापडतं. एका सुईत दंडापासून बोटांपर्यंत सगळं बधिर होतं आणि लवकर होतं. म्हणून त्याला हाताचं स्पायनल म्हणतात. हात जवळ घेऊन झोपलेल्या रुग्णालाही तो देता येतो, मोडलेला हात उचलावा लागत नाही. टोरांटोच्या ५१० रुग्णांच्या नोंदीत सोनोग्राफीखाली त्याचं यश जवळपास ९५ टक्के होतं.

अडचण त्याच्या शेजाऱ्यांची आहे. नसांच्या खाली पहिली बरगडी, तिच्या बाजूला फुप्फुसाचं टोक. अंदाजाने सुई घालण्याच्या काळात फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत नोंदवलं गेलं आहे. सोनोग्राफीने ते फार खाली आणलं. जर्मनीत कॉलर बोनच्या वरचे आणि खालचे ब्लॉक मिळून ६,३६६ रुग्णांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ०.०६ टक्के निघालं. पण त्यात एक अट दडलेली आहे: सुईचं टोक पडद्यावर सतत दिसलं पाहिजे. टोक हरवलं आणि सुई पुढे सरकवली, तर यंत्र समोर असूनही काम अंदाजानेच झालं.

दुसरा शेजारी आहे श्वासपटलाची नस. तिला औषध लागलं की त्या बाजूचं श्वासपटल काही तास लुळं पडतं. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही. तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला मात्र कळतं. हा परिणाम किती वेळा होतो याचे आकडे आता चांगले उपलब्ध आहेत. २०१५ साली कॅनडात ६४ रुग्णांत तुलना झाली: कॉलर बोनच्या वर ब्लॉक दिलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांचं त्या बाजूचं श्वासपटल पूर्ण लुळं पडलं, खाली दिलेल्यांत ३ टक्के. पुदुच्चेरीतल्या भूलतज्ज्ञांनी हाँगकाँगच्या मनोज करमाकर यांच्यासोबत २०१९ साली ४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या ब्लॉकमध्ये ४५ टक्के, कॉलर बोनच्या लगेच खाली दिलेल्या कॉस्टोक्लॅव्हिक्युलर ब्लॉकमध्ये ५ टक्के. रुग्णसंख्या लहान आहेत, पण दोन खंडांतले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

इथे आपल्या दवाखान्यांची रचना मध्ये येते. मोठ्या रुग्णालयात ब्लॉक दिल्यावर रुग्णाला धाप लागली तर रात्रपाळीचा निवासी डॉक्टर छाती तपासतो, एक्स-रे काढतो. बोलावण्यावर येणारा भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपल्यावर पुढच्या दवाखान्यात जातो; मग एरंडोल, पारोळा किंवा अमळनेर. छातीत हवा भरण्याची लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसतात. तेव्हा खाटेजवळ एक नर्स आणि रुग्णाचा भाऊ असतो. धोका हजारात एखादा असला तरी तो कोणाच्या समोर उभा राहणार, हे निवड करताना धरलं पाहिजे. परदेशी अभ्यासांत हा भाग मोजलेला नसतो, कारण तिथे ती परिस्थितीच नसते.

मानेतल्या ब्लॉकबद्दल थोडक्यात. खांद्याच्या आणि दंडाच्या वरच्या टोकाच्या शस्त्रक्रियेला त्याला तोड नाही, आणि खान्देशातल्या बहुसंख्य हाताच्या शस्त्रक्रियांना त्याची गरज नाही. नेहमीच्या मात्रेत तो दिला की त्या बाजूचं श्वासपटल जवळपास प्रत्येकाचं लुळं पडतं. अर्मी यांनी १९९१ साली हे दाखवलं. २००८ साली रियाझी यांच्या अभ्यासात २० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटर दिल्यावर हे प्रमाण १०० टक्क्यांवरून ४५ वर आलं. नंतर जागाच जरा खाली सरकवून फक्त वरच्या खोडाभोवती औषध देण्याची पद्धत आली. १२६ रुग्णांच्या २०१९ सालच्या एका चाचणीत पूर्ण लुळं पडण्याचं प्रमाण तिच्यात ४.८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ७१.२ टक्के. खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया जळगाव-धुळ्यातही होऊ लागल्या आहेत. ज्यांना त्यांची भूल द्यायची आहे त्यांनी हा फरक शिकून घ्यावा. पापणी खाली येणं आणि आवाज घोगरा होणं हेही या मार्गाचे सोबती आहेत. नातेवाइकांना आधी सांगितलं नाही तर ते अर्धांगवायू समजून घाबरतात.

आता कॉलर बोनच्या खाली. इथे तीन दोर रोहिणीला तीन बाजूंनी बिलगून असतात. रोहिणीच्या मागे एकाच जागी औषध सोडलं तरी ते तिन्हींना वेढतं. दंडाला बांधून रक्तपुरवठा थांबवणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे टूर्निकेचा, दाब वाढवल्यावर होणारा त्रास या ब्लॉकमध्ये तुलनेने कमी असल्याचं कॉक्रेनच्या आढाव्याने नोंदवलं आहे, आणि तासभर चालणाऱ्या प्लेटिंगला हा फरक सर्जनलाही जाणवतो. वेदनाशमनासाठी नळी ठेवायची तर ती इथल्या स्नायूंत चांगली धरून राहते. तोटा खोलीचा आहे. छातीचे दोन स्नायू ओलांडून, तिरकी सुई घालायची म्हणजे तिचं टोक पडद्यावर अंधूक दिसतं. हात नव्वद अंशांत बाजूला घेता आला तर नसा वर येतात. मोडलेला हात घेता येईलच असं नाही.

कॉस्टोक्लॅव्हिक्युलर जागा ही यावरची सुधारणा आहे. करमाकर यांनी २०१५ साली ती मांडली. कॉलर बोनच्या मधल्या भागाच्या लगेच खाली तिन्ही दोर रोहिणीच्या बाहेरच्या अंगाला एका झुबक्यात असतात, फार खोलही नसतात. एका सुईत काम होतं आणि कमी औषधात होतं असा दावा आहे. यातल्या दुसऱ्या दाव्यावर अजून वाद आहे: काही गटांना २० मिलिलिटर पुरले, एका गटाने ९० टक्के रुग्णांत खात्रीने परिणाम हवा असेल तर ३४ मिलिलिटरच्या आसपास लागतात असं दाखवलं. फुप्फुस इथेही जवळच असतं, त्यामुळे ही नवशिक्यासाठीची जागा नव्हे. पण श्वासपटल वाचवून एका सुईत कोपरापासून खाली सगळा हात बधिर करणारी पद्धत हवी असेल तर आज तिच्याइतकी चांगली दुसरी मला दिसत नाही.

काखेतला ब्लॉक जुना आणि सगळ्यांत निर्धोक. फुप्फुस नाही, श्वासपटलाची नस नाही, रोहिणीला टोचलं गेलं तर बोटाने दाबता येते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला आणि दमेकऱ्याला मी हाच सुचवेन. रोहिणीभोवती तीन नसा असतात आणि चौथी, दंडाच्या पुढच्या स्नायूंना जाणारी, त्यांच्यापासून अलग, स्नायूंच्या घडीत. पूर्वी ती सुटायची आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखत राहायचं. सोनोग्राफीत ती स्वच्छ दिसते. काम तीन-चार ठिकाणी औषध सोडण्याचं आहे, वेळ जरा जास्त जातो. दंडाच्या आतल्या अंगाच्या कातडीचा काही भाग या जाळ्यात येतच नाही. तिथे टूर्निके बांधायचा तर कातडीखाली वेगळं थोडं औषध द्यावं लागतं.

कॉलर बोनच्या वरचा, खालचा आणि काखेतला या तिघांची थेट तुलना माँट्रियलच्या ट्रान यांनी २००९ साली १२० रुग्णांवर केली. यशात फरक आढळला नाही. काखेत सुई जास्त वेळा फिरवावी लागली, सुईचा वेळ वाढला, पण सगळा वेळ धरला तर तिघं जवळपास सारखेच निघाले. वरच्या ब्लॉकमध्ये पापणी खाली येण्याचे प्रकार जास्त होते. पुढच्या बऱ्याच चाचण्यांतही, सराव झालेल्या हातात यश साधारण सारखंच येतं. मग निवड दुष्परिणामांवर व्हायला हवी, आणि ती कोपराखालच्या शस्त्रक्रियेसाठी वरच्या ब्लॉकच्या बाजूने जात नाही. दंडाच्या हाडाच्या मधल्या भागासाठी, किंवा हात अजिबात हलवता येत नसताना, तो राहणारच आणि राहावाही.

एक गणित मात्र कुठल्याही निबंधात आयतं मिळत नाही. परदेशी चाचण्यांत ३०-३५ मिलिलिटर औषध सहज वापरलं जातं. तिथले रुग्ण ७५-८० किलोचे असतात. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली मजूर बाई ४५ किलोची असते. बुपिव्हाकेन किलोला २ मिलिग्रॅम धरलं तर तिच्यासाठी कमाल ९० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याच्या औषधाचे १८ मिलिलिटर. ॲड्रेनालीनसह लिग्नोकेन किलोला ७ मिलिग्रॅम धरलं तर ३१५ मिलिग्रॅम, म्हणजे १.५ टक्क्याचे २१ मिलिलिटर. आणि दोन्ही मिसळली की विषबाधेची मर्यादा दोघांत वाटली जाते. निम्मं-निम्मं घेतल्याने प्रत्येकाची पूर्ण मात्रा सुरक्षित होत नाही. इतक्या कमी औषधात ब्लॉक लागायचा असेल तर ते नेमक्या जागी पडलं पाहिजे. सोनोग्राफीचा खरा उपयोग इथे आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २५,३३६ ब्लॉकच्या नोंदीत सोनोग्राफी वापरली तेव्हा औषध रक्तात जाऊन होणारी विषबाधा निम्म्याहूनही कमी झाली. तरीही २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन थिएटरमध्ये असलंच पाहिजे: किलोला १.५ मिलिलिटर लगेच, मग मिनिटाला किलोमागे ०.२५. ते दुसऱ्या दवाखान्यातून मागवू म्हणणं म्हणजे ते नसणंच. एक गोष्ट सोनोग्राफीने कमी केल्याचं दाखवता आलेलं नाही, ती म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारी नसेची इजा.

आता यंत्राकडे. नसा कातडीच्या जवळ असल्याने त्यांना उच्च वारंवारितेचा, सरळ तोंडाचा लिनियर प्रोब लागतो. प्रसूतीसाठी ठेवलेल्या यंत्राला वक्र प्रोब असतो. त्याने गर्भ दिसतो, काखेतल्या नसा नाहीत. हाडांच्या दवाखान्यात तर यंत्रच नसतं. भूलतज्ज्ञाने स्वतःचं छोटं यंत्र गाडीत घालून सगळीकडे न्यावं हा सरळ विचार, पण तो कायद्यात बसत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते फक्त ब्लॉकसाठी वापरणार असलात तरी. २०१२ सालच्या नियमबदलानंतर फिरतं यंत्र नोंदलेल्या आवाराच्या आत, तिथल्याच दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतं; एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेता येत नाही.

हा जाच वाटू शकतो. पण तो कुठे वाटतोय हे विसरता येणार नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. महाराष्ट्रात त्याहून वाईट अवस्था फार थोड्या जिल्ह्यांची होती. ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्या याच यंत्रांनी हेरल्या गेल्या. फिरत्या यंत्रांवरचं बंधन सैल करा असं मी खान्देशात उभं राहून म्हणणार नाही. मार्ग दुसरा आहे. ज्या दवाखान्यात महिन्याला हाताच्या बऱ्याच शस्त्रक्रिया होतात, त्याने लिनियर प्रोबचं यंत्र स्वतःच्या नावावर नोंदवून थिएटरमध्येच ठेवावं. तेच यंत्र शिरेत सुई घालायला, छातीत हवा आहे का हे पाहायला, पोटात रक्त साचलंय का हे बघायला उपयोगी पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये भूलही धरलेली असते, ब्लॉक अंदाजाने दिला की सोनोग्राफीने, रक्कम तीच. त्यामुळे मालकाला यंत्राचा खर्च हिशेबात तोट्याचा दिसतो. यावर योजनेच्या पातळीवर विचार व्हायला हवा.

सातपुड्याच्या बाजूचे रुग्ण आले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. शिरपूर, चोपडा, यावल आणि पलीकडे नंदुरबार या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णाच्या दंडावर टूर्निके बांधून हात रक्ताविना ठेवणं धोक्याचं असू शकतं. तेव्हा ब्लॉक कुठला यापेक्षा टूर्निके लागणार की नाही हा प्रश्न मोठा. या पट्ट्यातल्या रुग्णाची सिकलसेल चाचणी ब्लॉकआधी झालेली असावी. बोटांच्या कंडरा जोडायच्या असतील तर कॅनडाच्या लॅलोंड यांनी रूढ केलेली पद्धतही आहे: जखमेभोवतीच ॲड्रेनालीनसह पातळ लिग्नोकेन, टूर्निके नाही, झोपेचं औषध नाही. रुग्ण टेबलावरच बोट वाकवून दाखवतो आणि जोडलेली कंडरा नीट सरकते का ते सर्जनला तिथेच दिसतं. कुट्टीत कापलेल्या बोटांसाठी हा चांगला पर्याय आहे आणि त्याला यंत्रही लागत नाही.

डायलिसिसच्या रुग्णांचा विषय वेगळा, पण महत्त्वाचा. डायलिसिससाठी हातातली रोहिणी आणि शीर जोडून फिश्चुला करताना जागेवर भूल देण्याऐवजी ब्लॉक दिला तर रक्तवाहिन्या रुंदावतात. ग्लासगोच्या १२६ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी ब्लॉक दिलेल्यांचे ८४ टक्के फिश्चुला चालू होते, जागेवर भूल दिलेल्यांचे ६२ टक्के. एका ब्लॉकने एवढा पुढचा फायदा क्वचितच दाखवला आहे. हे रुग्ण रक्ताने अशक्त, फुप्फुसात पाणी साठणारे असतात. त्यांच्यासाठी काखेतला मार्गच.

यंत्रात चिरडलेल्या हाताला ब्लॉक देण्याआधी दोन गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. पहिली, कोणत्या बोटाला स्पर्श कळतो आणि कोणतं हलतं. ते लिहिलं नाही तर उद्या सुन्न राहिलेल्या बोटाचं खापर यंत्रावर की सुईवर, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसरी, पुढच्या हाताच्या स्नायूंत सूज कोंडून रक्तपुरवठा बंद पडण्याची शक्यता किती आहे. तिचं पहिलं लक्षण वाढती वेदना हेच असतं, आणि दाट ब्लॉक ते लपवू शकतो. अशा रुग्णात लांब टिकणारं औषध टाळून लिग्नोकेनवर भागवणं शहाणपणाचं. लहान मुलांच्या कोपरावरच्या फ्रॅक्चरमध्येही पुष्कळ सर्जन शस्त्रक्रियेनंतर लगेच नसा तपासू इच्छितात. तिथे त्यांचं ऐकावं.

ब्लॉकवरचं आपल्याकडचं संशोधन बहुतांश एमडीच्या प्रबंधांतून येतं. त्यांतले कितीतरी एकाच साच्याचे असतात: कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक, बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, आणि एका गटाला त्यात डेक्सामेथासोन, क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन. परिणाम किती मिनिटांत सुरू झाला, किती तास टिकला. ही औषधं परिणाम लांबवतात हे आता पुरेसं माहीत आहे. एवढी मेहनत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच प्रश्नाकडे पुन्हा पाठवण्यात मला हशील दिसत नाही. ब्लॉक उतरल्यावर पहाटे एकदम उसळणारी वेदना, त्या वेळी रुग्णाजवळ गोळी होती का, तो ती कधी घ्यायची हे समजून घरी गेला होता का, बधिर हात झोळीत बांधलेला होता की सायलेन्सरला लागून भाजला, हे कोणी फारसं मोजत नाही.

धुळे आणि जळगाव या दोन शासकीय महाविद्यालयांत नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचं अंतर आहे, रुग्ण एकाच प्रकारचे आहेत. दोघांनी एकच आराखडा ठरवून मनगट नि पुढच्या हाताच्या शस्त्रक्रियांत कॉस्टोक्लॅव्हिक्युलर आणि काखेतला ब्लॉक समोरासमोर ठेवावेत. मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरवावी. ब्लॉक निवासी डॉक्टरने द्यावा, कारण पुढे तालुक्याच्या गावात तोच देणार आहे. अर्ध्या तासाने त्याच यंत्राने श्वासपटल पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला फोन करून विचारावं की रात्री किती वाजता दुखायला लागलं आणि तेव्हा त्याने काय घेतलं.